डेबियन ११ वरून १३ वर जाताना: आधी मशीनमधलं परकं सामान ओळखा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत संगणकांचं काम बघणाऱ्या तरुणाने विचारलंय: "ऑफिसात एक सर्व्हर आहे, डेबियन ११ लिनक्सवर चालणारा. सांबामधून ड्रॉइंगचे फोल्डर सगळ्यांना दिलेत, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये वजनकाट्याच्या आणि डिस्पॅचच्या नोंदी आहेत, गेटपाससाठी पीएचपीत लिहिलेलं एक पान आहे. सर, थेट १३ वर जाता येईल का? एकजण म्हणतो सोर्सेस फाइलमध्ये आवृत्तीचं नाव बदललं की झालं. दुसरा म्हणतो फॉरमॅट मारून नवीन टाक. काम थांबवता येत नाही, म्हणून हात लावायचं धाडस होत नाही."

थेट जाता येत नाही. आधी १२, तिथे सगळं नीट चालतंय याची खात्री, मग १३. फॉरमॅट मारायची गरज बहुधा पडणार नाही. पण थांबूही नका. ११ आवृत्ती १४ ऑगस्ट २०२१ ला आली आणि तिचा दीर्घकालीन आधार ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतचाच. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या डेबियनकडून फुकट मिळत नाहीत, आणि तुमच्या मशीनवर तर ऑफिसातले सगळे फाइली उघडतात.

वीसेक वर्षं कोल्हापुरातल्या दुकानांत, छापखान्यांत आणि कारखान्यांत हे काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. अपग्रेड बिघडतं ते पॅकेज मॅनेजरमुळे, म्हणजे प्रोग्राम बसवणाऱ्या-बदलणाऱ्या यंत्रणेमुळे, फार क्वचित. कुणीतरी कधीतरी पॅकेज मॅनेजरला बाजूला ठेवून काहीतरी बसवलेलं असतं, तिथे ते बिघडतं. डेबियनमध्ये ही यंत्रणा म्हणजे डीपीकेजी आणि ॲप्ट. डीपीकेजीकडे मशीनवरच्या प्रत्येक पॅकेजची आणि त्यातल्या प्रत्येक फाइलची नोंद असते. कुणाला काय लागतं, आधी काय उलगडायचं, नंतर काय मांडायचं, हा क्रम ॲप्ट लावतं. हजारभर पॅकेजं ते न चुकता बदलतं. पण ज्याची नोंदच नाही, किंवा जे दुसऱ्या कुणाच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यातून, आलंय, त्याचं पुढे काय करायचं हे त्याला कुठून कळणार? म्हणून नाव बदलायच्या आधी निदान एक संध्याकाळ मशीनवर परकं काय आहे ते शोधण्यात घालवा.

आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायच्या.

‘ॲप्ट-फोर्कट्रेसर’ नावाचं एक छोटं पॅकेज आहे, ते बसवून चालवा. डेबियनच्या अधिकृत साठ्यातून न आलेल्या पॅकेजांची यादी मिळेल. मग ‘/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी’ या डिरेक्टरीत कोणत्या फाइली आहेत ते बघा. बाहेरच्या रिपॉझिटरी बहुतेक वेळा तिथेच असतात. बॅकपोर्ट्समधून (जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली नवी पॅकेजं) काही घेतलं असेल तर तेही लिहून ठेवा. ‘/यूएसआर/लोकल’ आणि ‘/ऑप्ट’ उघडून बघा. रूटने ‘पिप’ वापरून पायथनची काही लायब्ररी बसवलीय का, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) कुठली स्क्रिप्ट आहे, प्रिंटरचा किंवा काट्याचा ड्रायव्हर सीडीवरून आलाय का, हे विचारा. तुम्हाला माहीत नसेल तर तुमच्या आधी हे काम बघणाऱ्याला फोन करा. हा एक फोन पुढचे चार तास वाचवतो.

राजारामपुरीतल्या एका छापखान्यात मला हे नीट कळलं. तिथल्या आधीच्या माणसाने नवं पीएचपी हवं म्हणून बाहेरची रिपॉझिटरी जोडलेली होती आणि ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी डेबियनची नावं बदलली, अपग्रेड शेवटपर्यंत गेलं, एकही त्रुटी दिसली नाही. मशीन पुन्हा चालू केलं आणि ऑर्डरचं पान उघडेना. पीएचपीचा गाभा बाहेरचा, त्याचे काही भाग डेबियनचे, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं. बाहेरचा आवृत्ती-क्रमांक मोठा, त्यामुळे ॲप्टच्या हिशोबाने तेच नवं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी, मी आधी बघितलं नव्हतं. तेव्हापासून परक्या प्रत्येक पॅकेजबाबत मी आधीच ठरवतो: हे डेबियनच्या साठ्यातलं घेऊन चालेल का, नव्या आवृत्तीसाठी त्याच रिपॉझिटरीत वेगळं मिळतं का, की काढूनच टाकायचं. आणि अपग्रेडच्या वेळी बाहेरच्या सगळ्या रिपॉझिटरी बंद ठेवतो.

आता थेट उडी का नको ते. डेबियन प्रत्येक आवृत्तीचं अपग्रेड फक्त लगतच्या मागच्या आवृत्तीवरून तपासतं. एक ठोस उदाहरण देतो. जुन्या मशीनवर ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’, ‘/लिब’ आणि ‘/यूएसआर/लिब’ या वेगवेगळ्या जागा होत्या. १२ मध्ये त्या एक झाल्याच पाहिजेत असं ठरलं, आणि १२ वर येताना ‘यूएसआरमर्ज’ हे पॅकेज ते काम करून देतं. १३ मधली पॅकेजं ते झालेलंच आहे असं धरून बांधलेली आहेत. तुमचं मशीन १० किंवा ११ नव्याने टाकून सुरू झालं असेल तर ते बहुधा आधीच झालेलं असेल, पण ९ पासून चढत आलं असेल तर नसेल. मधली पायरी गाळली की अशी कितीतरी कामं गळतात आणि कोणती गळली ते नंतर शोधत बसावं लागतं.

बॅकअपबद्दल जरा थांबून बोलतो. ‘पीजी_डंपऑल’ने पोस्टग्रेसची पूर्ण प्रत काढा. ड्रॉइंगचे फोल्डर, संपूर्ण ‘/ईटीसी’, ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’ आणि ‘/व्हार/लिब/ॲप्ट/एक्स्टेंडेड_स्टेट्स’ बाहेरच्या डिस्कवर घ्या. ‘डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स’ची यादी एका फाइलमध्ये ठेवा. मग ती पोस्टग्रेसची प्रत दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर खरोखर परत भरून बघा, काट्याच्या कालच्या नोंदी दिसल्या पाहिजेत. भरून न पाहिलेल्या बॅकअपवर मी अपग्रेड करत नाही आणि कुणाला करूही देत नाही. डिस्क कुठे ठेवायची तेही ठरवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला, तेव्हा मशीन एमआयडीसीत आणि प्रत शहरात, अशी कितीजणांची ताटातूट झाली. एक प्रत कारखान्यात वरच्या मजल्यावर, एक शहरात, असं करा. आणि हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढूच नका. अपग्रेडमध्ये काही अडकलं तर मशीनसमोर जाऊन बसता आलं पाहिजे.

जागा बघा. ‘डीएफ -एच’ने ‘/व्हार’ आणि ‘/बूट’ मोकळे आहेत का ते पाहा, ‘ॲप्ट क्लीन’ने आधी डाउनलोड झालेल्या जुन्या फाइली काढा. ‘/बूट’चं वेगळं पार्टिशन असेल तर तिथे जुनी कर्नेलं (प्रणालीचा गाभा) साठून ते भरलेलं असतं. ‘यूनेम -आर’ जे नाव दाखवेल ते चालू कर्नेल. ते आणि त्याच्या आधीचं एक ठेवून बाकीची ॲप्टनेच काढा, हाताने फाइली पुसू नका. १३ च्या प्रकाशन टिपणांत ‘/बूट’ किमान ७६८ एमबी आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळं असावं असं सांगितलंय. तुमचं त्याहून लहान असेल तर १२ वर जाता येईल, पण १३ च्या आधी पार्टिशन मोठं करायचा विचार करावा लागेल.

आता ११ स्वतः पूर्ण अद्ययावत करा: ‘ॲप्ट अपडेट’, ‘ॲप्ट अपग्रेड’, मशीन रीबूट. ‘डीपीकेजी --ऑडिट’ने काहीही दाखवता कामा नये, अर्धवट बसलेलं पॅकेज असेल तर ते आत्ताच निस्तरा. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने कुणी एखादं पॅकेज रोखून ठेवलंय का ते कळेल. रोखलेलं एक पॅकेज सगळ्या अपग्रेडची वाट अडवू शकतं.

मग ‘/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट’ उघडून प्रत्येक ओळीतलं ‘बुल्सआय’ (११ चं नाव) बदलून ‘बुकवर्म’ (१२ चं नाव) करा. सुरक्षेची ओळ ‘बुकवर्म-सिक्युरिटी’ अशी असली पाहिजे. नेटवर्क कार्डासाठी नॉन-फ्री फर्मवेअर लागत असेल तर १२ पासून त्याचा ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ नावाचा वेगळा विभाग झालाय, तो ओळीत जोडा, नाहीतर फर्मवेअरच्या दुरुस्त्या येणं बंद होईल. नावाच्या जागी ‘स्टेबल’ लिहायचा सल्ला काहीजण देतात. मी तसं कधीच करत नाही. ‘स्टेबल’ लिहिलं की नवी आवृत्ती जाहीर झाल्यावर एखाद्या दिवशी नेहमीचं अपडेट चालवताना ॲप्ट नाव बदलल्याचं विचारतं, आणि सवयीने ‘हो’ म्हटलं की मशीन पुढच्या आवृत्तीकडे निघतं. आपण कधी जायचं ते आपण ठरवावं.

अपग्रेड करताना मशीनसमोर बसा, किंवा दुरून करणार असाल तर ‘टीमक्स’च्या (लाइन तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) आत करा. हे मी कळकळीने सांगतोय. गांधीनगरातल्या एका कापड दुकानाचं मशीन मी घरून एसएसएचने अपग्रेड करत होतो. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, घरची लाइन गेली, टीमक्स नव्हतं. पॅकेजं उलगडण्याच्या मधोमध ते सगळं थांबलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन बसलो, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवलं आणि गाडी पुन्हा रुळावर आली. डीपीकेजी अर्ध्यात तुटलेलं काम पुढे नेऊ शकतं, हे तेव्हा प्रत्यक्ष बघितलं. पण ती रात्र झोपेशिवाय गेली. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी किती वेळ टिकते ते आधी मोजा. शिवाय ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा देऊन पडद्यावरचं सगळं एका फाइलमध्ये नोंदवत राहा, कारण पटापट सरकून गेलेल्या ओळीच नंतर लागतात.

अशा वेळी अडकल्यावर काहीजण लॉक फाइल पुसायचा सल्ला देतात. तो ऐकू नका. लॉक म्हणजे दुसरं कुणीतरी आत काम करतंय. ते कोण हे आधी शोधा. दोन डीपीकेजी एकदम चालले तर नोंदवहीच बिघडते.

आता मुख्य काम, दोन टप्प्यांत. ‘ॲप्ट अपडेट’, मग ‘ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज’. यात काहीही नवं बसत नाही आणि काहीही काढलं जात नाही, जे सरळ बदलता येतं तेवढंच बदलतं. त्यानंतर ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. इथे ॲप्ट तीन याद्या दाखवतं आणि हो-नाही विचारतं. नव्या पॅकेजांची यादी लांब असते, ती वरवर बघितली तरी चालते. काढायच्या पॅकेजांची यादी मात्र एकेक नाव बोट ठेवून वाचा. ‘लिब’ने सुरू होणारी आणि शेवटी जुना आकडा असलेली नावं जाणं नेहमीचं आहे, त्यांच्या जागी नवी येतात. पण त्यात सांबा, अपाची (पानं दाखवणारा वेब सर्व्हर) किंवा तुम्हाला ओळखीचं एखादं मुख्य नाव दिसलं तर ‘नाही’ म्हणा आणि थांबा. ॲप्ट ते उगाच काढत नाही. तुमच्या मशीनवरची कुठली तरी परकी गोष्ट आडवी आल्यामुळे त्याला दुसरा मार्ग सापडलेला नसतो. ते परकं पॅकेज आधी काढा, पुन्हा ‘फुल-अपग्रेड’ म्हणा, आणि बघा यादी कशी लहान होते. हे दोन-तीनदा करावं लागलं तरी घाई करू नका. ‘हो’ म्हणेपर्यंत या टप्प्यातलं काहीच बदललेलं नसतं, तेव्हा विचार करायला हवा तेवढा वेळ तुमच्याकडे आहे.

मध्येच प्रश्न येतील. सी लायब्ररी बदलताना सेवा न विचारता पुन्हा सुरू करू का, याला ‘हो’ म्हणा. दुसरा प्रश्न कॉन्फिगरेशन फाइलींचा: तुम्ही बदललेली फाइल ठेवायची की पॅकेजची नवी घ्यायची? नुसतं एंटर मारलं तर तुमची राहते, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर. पण ‘डी’ दाबून फरक बघा. तुमच्या फाइलीत नव्या आवृत्तीत बाद झालेला एखादा पर्याय असेल तर सेवा सुरूच होत नाही. तुमची ठेवली तर नवी फाइल शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने राहते, नवी घेतली तर तुमची ‘.डीपीकेजी-ओल्ड’ म्हणून जपली जाते. काहीही हरवत नाही. अपग्रेडनंतर एक दिवस अशा सगळ्या फाइली शोधून निवांत ताळा घ्या.

१२ वर पोचल्यावर दोन गोष्टी तुमच्या मशीनवर नक्की येणार. पहिली पीएचपी. ११ मध्ये ७.४ होतं, १२ मध्ये ८.२ आहे. अपाचीमध्ये जुन्या पीएचपीचं मॉड्यूल चालूच राहिलेलं असतं. ‘ए२डिसमॉड’ने ७.४ चं बंद आणि ‘ए२एनमॉड’ने ८.२ चं चालू करा. मग गेटपासचं पान तपासा. पीएचपी ८ मध्ये ‘ईच’ आणि ‘क्रिएट_फंक्शन’ गेलेत, आणि आकड्याची अक्षरांशी तुलना वेगळ्या नियमाने होते; शून्य आणि एखादा शब्द आता समान ठरत नाहीत. जुन्या कोडमध्ये ‘गाडी नंबर भरलाय का’ अशा तपासण्या याच तुलनेवर उभ्या असतात. म्हणून पान उघडलं एवढ्यावर समाधान मानू नका. एक खरा गेटपास काढा, एक चुकीचा भरून बघा. जमलं तर ही चाचणी आधीच एखाद्या लॅपटॉपवर १२ टाकून करून ठेवा.

दुसरी पोस्टग्रेस, आणि इथे सर्वांत जास्त जपा. ११ मध्ये पोस्टग्रेस १३ होतं, १२ मध्ये १५ आहे. अपग्रेड तुमचा डेटा आपोआप नव्यात नेत नाही. जुनं १३ तसंच चालू राहतं आणि शेजारी १५ रिकामं उभं राहतं. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ने दोन्ही दिसतील. हे माहीत नसलेला माणूस जुनं पॅकेज कचरा समजून ‘पर्ज’ करतो, म्हणजे मुळासकट पुसतो, आणि वर्षांच्या नोंदी जातात. आधी रिकामा १५ चा क्लस्टर (एका आवृत्तीचा सगळा डेटा) ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १५ मेन’ने काढा. आकडा दोनदा वाचून मगच एंटर मारा. मग ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर १३ मेन’. हे सगळं नव्यात भरतं, नवा क्लस्टर जुन्याच पोर्टवर येतो आणि जुना बंद होऊन बाजूला राहतो. काट्याच्या नोंदी, शेवटचं चलन, महिन्याची बेरीज असं सगळं फौंड्रीतल्या माणसाकडून तपासून घ्या. आठवडाभराने जुना काढा. हे १२ वरच उरका. डेबियन १३ वर गेल्यावर जुन्या पोस्टग्रेसला लागणाऱ्या लायब्ररी कदाचित उरणार नाहीत.

१२ वर निदान एक महिनाअखेर जाऊ द्या. बिलं, डिस्पॅच, पगाराची फाइल सगळं एकदा फिरून येतं आणि राहिलेलं काही असेल तर तेव्हाच वर येतं.

मग १३. पद्धत तीच, नाव ‘ट्रिक्सी’. आधी १२ चे सगळे अपडेट घेऊनच निघा, विशेषतः एसएसएच सर्व्हरचे, कारण जुना एसएसएच सर्व्हर असताना अपग्रेड मध्येच अडकलं तर दुरून पुन्हा आत शिरता येत नाही. पोस्टग्रेस १७ होईल, पीएचपी ८.४, वरचंच सगळं पुन्हा. १३ मध्ये ‘/टीएमपी’ डिस्कवर नसून मेमरीत असते. काट्याचा प्रोग्राम तिथे फाइली टाकून ठेवत असेल तर रीबूटनंतर त्या गेलेल्या दिसतील. त्या प्रोग्रामची जागा बदला, किंवा ‘सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ने जुनी रीत ठेवा. नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं, म्हणून पहिला रीबूट कीबोर्ड आणि मॉनिटर लावूनच करा. मशीन ३२ बिटचं असेल तर मात्र १३ वर जाता येत नाही, कारण आय३८६ चा इन्स्टॉलर आणि कर्नेल आता नाही. तेव्हा, किंवा डिस्क खूप जुनी झाली असेल तेव्हा, नव्या मशीनवर नवं टाकून डेटा नेणं हेच शहाणपणाचं. फक्त कुणी ‘फॉरमॅट मार’ म्हणाला म्हणून नको. नव्याने टाकलं तरी परकं सामान पुन्हा बसवायचंच असतं, आणि तेव्हा त्याची यादीही हाताशी नसते.

१३ मधलं ॲप्ट काढायची पॅकेजं लाल रंगात दाखवतं, ते पुढच्या वेळी तुम्हाला सोपं जाईल. या वेळी ११ वरून १२ ला जाताना ‘फुल-अपग्रेड’ची ती यादी आली की ‘हो’ म्हणायच्या आधी मला पाठवा. मी वाचून देतो.